खोडायचा दिवस

एक चप्पल काढून दुसरीला हात घालता घालता तिने नेहमीसारखी "आले गं" अशी हाक दिली, आणि ती हाक काहीतरी बिघडल्यासारखी परत आली. घराचा आवाज आपल्याला पाठ असतो. पाठ आहे हे मात्र तो बदलेपर्यंत ठाऊक नसतं. आतल्या खोलीतून तिचीच हाक जरा मोठी होऊन, कोरडी होऊन, रिकाम्या पिंपात बोलावं तशी आली. ती एक चप्पल पायात तशीच ठेवून दारापर्यंत गेली. खिडकीखाली आईचा पलंग होता. पलंगाशेजारी आईची खुर्ची होती, खुर्चीत आई होती, मांडीवर शाल होती. आणि समोरच्या भिंतीला, जिथे अकरा वर्षं तिची लोखंडी खाट होती, तिथे फरशी होती. चार पायांचे चार गंजके ठसे, त्यांच्यामध्ये फरशीचा मूळचा फिकट रंग, जो ती विसरूनच गेली होती, केसांची एक पिन आणि धुळीची एक लांब वळकटी. एवढंच. बाहेर दाराजवळ काहीतरी पायाला लागलं होतं, ते आता वळून पाहिल्यावर कळलं. तिची गादी, उशी आणि दोन्ही पांघरुणं सुतळीने घट्ट बांधून उंबरठ्यापाशी ठेवली होती. प्रवासाला निघालेल्या माणसाची असावीत तशी.

आईने वर पाहिलं. "आलीस? चहा ठेव बाई. घसा सुकलाय."

धक्का बसला की माणूस किंचाळतो म्हणतात. तिने आधण ठेवलं. साखर दीड चमचा, आईला कडक लागतो म्हणून पावडर जरा जास्त. हात आपापलं काम करत होते आणि ती त्यांच्याकडे, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं बघत होती. बोटांच्या पेरांत गुलाबी मेण होतं अजून. दिवसभर कवळ्यांच्या कारखान्यात मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवत होती. सुट्टी असूनही दातांच्या डॉक्टरांनी निरोप धाडला होता, की एका आजोबांची कवळी मोडली आहे, उद्या नातीचं लग्न आहे, काहीतरी करा. साच्यात ते आजोबा नव्हते, नुसता त्यांचा चावा होता. उजवीकडून जास्त चावणारा, जरासा रागीट माणूस. चाव्यावरून माणूस कळतो, असं ती तिथल्या पोरींना सांगायची. आणि इथे, ज्या बाईच्या तोंडातले दात तिने स्वतःच्या हाताने बसवले होते, पुढच्या दोनांत पूर्वीची फट आठवणीने राखून, ती बाई आत बसून चहाची वाट बघत होती आणि तिच्या मनात काय आहे ते हिला कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. आज खोडायचा दिवस होता.

हा नेम बाबांचा. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर लोकांच्या ओळींतलं जास्तीचं खोडलं, आणि मग हळूहळू त्यांना सगळीकडेच जास्तीचं दिसायला लागलं. वर्षअखेरीला शाळा, कचेऱ्या, छापखाना सगळं आठ दिवस बंद असायचं, हिवाळ्याची सुट्टी. बाकीची घरं कुठे कुठे जायची, पाहुणे बोलवायची, गोडधोड करायची. हे चौघे, आईबाबा, ती आणि धाकटा भाऊ, घरी राहायचे. सुट्टीच्या पहिल्या दिवशी पत्र्याच्या डबीत चार नावांच्या चिठ्ठ्या पडायच्या, ज्याने त्याने एक उचलायची, स्वतःची आली तर परत टाकायची. मग ज्याचं नाव आलं त्याला आठवडाभर गुपचूप न्याहाळायचं. "वाचायचं," बाबा म्हणत. "स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. कितीदा वाचा, डोळा तिच्यावरून घसरतो. दुसऱ्यानेच वाचावं लागतं." आणि शेवटच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, त्या माणसाची एक वस्तू घराबाहेर काढायची. औषधं, चष्मा आणि पायातलं सोडून काहीही. ती परत येणार नाही. कुठे गेली हे सांगायचं नाही. आणि ज्याची गेली त्याने का म्हणून विचारायचं नाही, त्या दिवशीही नाही, पुढे कधीही नाही. का खोडलं असं ओळ विचारते का?

लहानपणी त्यात गंमत होती. धाकट्याने सातव्या वर्षी बाबांची कानटोपी खोडली, कारण ती घातली की बाबा त्याला बाबा वाटायचे नाहीत. बाबा तो अख्खा हिवाळा उघड्या कानांनी हिंडले, शिंकत राहिले, पण हूं की चूं केलं नाही. एकदा आत्या सुट्टीला आली होती. तिचं नाव आईला आलं आणि आत्याचा थर्मास गेला. आत्याने घर डोक्यावर घेतलं. "हे घर आहे की चोरांचा अड्डा? माणसाला सुट्टीला बोलावता आणि थर्मास लांबवता?" धाकट्याने मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं, "आत्या, तू त्यातला चहा एकटीच प्यायचीस ना, म्हणून!" त्या दिवशी बाबांनी धाकट्याला अर्धा तास जिन्यात उभं केलं. खोटं बोलला म्हणून नव्हे. कारण सांगितलं म्हणून. आत्या संध्याकाळच्या गाडीने गेली आणि पुन्हा कधी सुट्टीला आली नाही. आणि जिन्यात उभ्या असलेल्या धाकट्याला दाराच्या फटीतून बघताना हिला कायमचं कळलं, की या घरात कारण हे चोरीपेक्षा वाईट असतं.

"ताई, आहात का हो?" दारात समोरची शिवणवाली उभी होती, गळ्यात टेप, ओठांत टाचणी धरल्यासारखं बोलणं. "नाही म्हटलं, घर बदलताय की काय? सकाळी तुमची खाट गेली ना खाली! रखवालदार आणि त्याचा मेव्हणा. आणि तुमच्या आई! अहो, वर्षभरात जिना पाहिला नव्हता त्यांनी, आज कठड्याला धरून उभ्या. भिंतीला घासू नका, पाय आधी काढा, डावीकडून वळवा. अगदी सेनापती! मी मशीन थांबवून बघत होते."

"कुणाला दिली?" असं तिच्या तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. तेही विचारायचं नसतं.

"जुनी झाली होती," ती म्हणाली.

"मग नवी कधी येतेय?"

"बघू."

शिवणवालीची नजर सुतळीने बांधलेल्या बोचक्यावर गेली, तिथून हिच्या एका पायातल्या चपलेवर आली. "बरं, येते मी," असं ती एकदम हळू आवाजात म्हणाली, आजाऱ्याच्या खोलीतून निघावं तशी. तेव्हा हिला पहिल्यांदा कानांमागे गरम झालं. परक्या माणसालाही कळतंय. आई गुडघे धरून जिन्यापर्यंत गेली, स्वतः उभी राहिली, पाय आधी काढा म्हणाली. हे कंगवा काढून टाकण्यासारखं नव्हतं. आठ दिवस आई तिला वाचत होती, आणि आठ दिवसांनी तिने हे खोडलं.

कारण गेली कितीतरी वर्षं खोडायच्या दिवशी कुणी कुणाला दुखवलं नव्हतं. बाबा गेले, धाकटा दूरच्या शहरात संसाराला लागला, आणि घरात दोघी उरल्या. तरी चिठ्ठ्या टाकायच्याच. दोनच चिठ्ठ्या. "अगंबाई, माझंच आलं, परत टाकते," असं आई दरवर्षी म्हणायची आणि दोघी हसायच्या. मग फुटकी साबणदाणी, वीण गेलेला मोजा, दात पडलेला कंगवा, एवढंच एकमेकींचं जायचं. तिनेही आज सकाळी कारखान्यात जाताना आईच्या शेकाच्या पिशवीचं फाटकं वेष्टन पर्समध्ये घालून नेलं होतं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून दिलं होतं. न बोलता झालेला तह होता तो. सुट्टीभर आई तिच्याकडे बघत होती हे तिला जाणवलं होतं. वेणी घालताना, भाजी निवडताना मान वळवली की आईची नजर. तिला ते बरं वाटलं होतं, हे आठवून आता लाज वाटली. या वयात आपल्याकडे इतकं कोण बघतं, असं वाटलं होतं तिला.

फोन वाजला. धाकटा. दरवर्षी या दिवशी तो करायचाच.

"काय गं ताई, यंदा काय गेलं? कंगवा की मोजा?"

"तुझं काय गेलं ते सांग."

"माझी व्यायामाची सायकल! हिने परस्पर कुणाला तरी देऊन टाकली. आता टॉवेल कुठे वाळत घालू मी?" तो स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "त्यांना सांगा, तीन वर्षांत एकदा तरी बसला होतात का तिच्यावर?" मग तो म्हणाला, "आई कशी आहे? आणि तुझं काय गेलं, बोल ना."

"मोजा," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने चहा गाळला. एक कप आईला नेऊन दिला. आईने दोन्ही हातांनी धरला, फुंकर मारली. कपावरून तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. आईच्या नजरेत अपराध होता की सुटका, हे तिला ओळखता येईना, आणि ते येत नाही याचीच भीती वाटली. अकरा वर्षं या बाईच्या शेजारी झोपले मी. बाबा मधल्या खोलीत गेले, झोपेत. रात्री कधीतरी, कुणाला काही आवाज न येता. सकाळी ती स्वतः चहा घेऊन गेली, दोनदा हाक मारली, कप उशाशी ठेवला, खिडकी उघडली, हवेबद्दल काहीतरी बोललीसुद्धा, आणि मग वळून पाहिलं. त्या आठवड्यात तिने आपली खाट आईच्या खोलीत आणली. कुणी सांगितलं नव्हतं. रोज दिवा मालवला की अंधारात आईचा श्वास ऐकायचा. वीस श्वास पुरे मोजायचे, मग डोळे मिटायचे. एकही रात्र चुकली नाही. तापातसुद्धा नाही. कुणाला न सांगता धरलेलं व्रत होतं ते, आणि त्याचं एक गुप्त समाधान तिच्या अंगात ऊब धरून असायचं. बाकी आयुष्याने काय दिलं नाही याची यादी करावीशी वाटली की ती तिथे जाऊन बसायची.

बाकीचं आयुष्य म्हणजे ती सूटकेस. तेविसाव्या वर्षी तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. पत्र आलं होतं, राहायची खोली ठरली होती, सुट्टी संपली की निघायचं. त्या वर्षी तिचं नाव बाबांना आलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती कपडे भरायला गेली तर कपाटावर सूटकेस नव्हती. तपकिरी रंगाची, कोपऱ्यांना पितळी पत्रे असलेली. ती स्टुलावर उभी, दोन्ही हात वर, आणि कपाटावर सूटकेसच्या आकाराचा बिनधुळीचा चौकोन. बाहेर बाबा पेपर वाचत होते. तिने खाली उतरून स्टूल जागेवर ठेवलं, ते पत्र फाडलं, तुकडे चुलीत टाकले. बाबांनी वाचलं आणि खोडलं. म्हणजे जाणं ही चूक होती. रडू आलं नाही. उलट अंगातून काहीतरी थंडगार, स्वच्छ असं खाली वाहत गेलं. त्यानंतर तिने जवळच कवळ्यांच्या कारखान्यात काम धरलं. आणि आता खाट. सूटकेस नेली म्हणजे राहा. खाट नेली म्हणजे जा. या घरात वस्तू बोलतात, माणसं नाही. आणि ही भाषा तिला आईबापांपेक्षा चांगली येत होती. बावन्नाव्या वर्षी, सुतळीने बांधलेलं बोचकं घेऊन, कुठे? धाकट्याकडे? त्याच्या सायकलच्या जागेवर? तिला एकदम हसू आलं.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. अजून पाऊण तास सूर्य होता. ती त्या चार ठशांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. का कोण जाणे, फिकट फरशीवर पाय गार पडले. एक पाय चपलेतला, एक उघडा. आई बशीत उरलेला चहा ओतत होती.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "खाट का काढलीस?"

बशी हलली. चहा शालीवर सांडला. आईने मान वर केली. त्या घरात एवढ्या वर्षांत कुणी मोठ्याने न बोललेला शब्द आताच कुणीतरी बोललं होतं आणि छत तर पडलं नव्हतं.

"विचारायचं नसतं," आई म्हणाली.

"माहीत आहे. का काढलीस? मला जायला सांगतेयस का?"

"कुठे जायला?"

"ते बोचकं बांधून ठेवलंयस दारात."

"अगं, ते!" आईच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य आलं. "रखवालदार म्हणाला, बांधून ठेवा म्हणजे उचलायला सोपं जाईल. मधल्या खोलीत ठेवून घेणार होते. तर तो मेला खाट घेऊन गेला तो गेलाच. मला काय उचलतंय ते?" आणि मग, शालीवरचा डाग बोटाने चोळत, "मधल्या खोलीत तुझ्या बाबांचा पलंग आहे. चांगला आहे. तिथे झोप. दार लावून झोप."

"पण का?"

आईने डोळे मिटले. "वीस होतात ना," ती म्हणाली. "वीस झाले की तू कुशीवर वळतेस. खाट कुरकुरते. मग मी सुटते."

तिला आधी कळलंच नाही. कळायला लागलं ते पायांकडून, फरशीवरून वर, हळूहळू.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या रात्रीपासून. माझा श्वास धड नाही बाई. अडकतो, थांबतो, मध्येच घोरते, तुझे बाबा हसायचे मला. तू ते ऐकलं असतंस तर रात्रभर उठून बसली असतीस. तुला सकाळी कामाला जायचं असतं. म्हणून मी आपली जागी राहून एकसारखा श्वास घ्यायची. आत, बाहेर. आत, बाहेर. तू झोपलीस की मग मी. पण मग झोप येत नाही ना. एकदा धरून ठेवली की ती रुसते. आणि तू मध्येच जागी होतेस, परत मोजतेस. पहाटे एकदा मोजतेसच." आई डोळे मिटूनच बोलत होती. "अकरा वर्षं. दुपारी पडावं म्हटलं तर ती शिवणवाली मशीन चालवते. आता नाही जमत गं. दमले मी. रागावू नकोस."

ती उभीच होती. आजवर जे जे तिने ऐकलं होतं, ते संथ, सारखं, शहाण्या मुलीने पाढे म्हणावेत तसं, त्यावर विसंबून ती झोपली होती. तो श्वास आईचा नव्हता. तो तिच्यासाठी केलेला होता, तिने लोकांसाठी दात करावेत तसा. बेमालूम, आणि खोटा. तिच्या व्रताच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बाई रोज रात्री जागरण करत होती. तिला बसावंसं वाटलं आणि बसायला तिथे काही नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

आणि मग, एकदा दार उघडं पडलं आहे तर, म्हणून, किंवा त्या वाक्याखालून निसटायला, तिने विचारलं, "बाबांनी माझी सूटकेस का काढली होती?"

"कुठली? ती तपकिरी?" आईने डोळे उघडले. "तिची कडी तुटली होती की. गाडीत चढताना उघडली असती, भर फलाटावर सगळे कपडे बाहेर. त्यांनी दुकानात जाऊन निळी बघूनही ठेवली होती तुझ्यासाठी. मग तूच ते पत्र फाडलंस. ते म्हणाले, पोरीचं मन बदललंय, विचारू नकोस." आईने शाल सावरली. "मी म्हटलं होतं त्यांना, विचारा म्हणून. पण तुला माहीतच आहेत ते."

निळी. तिने कधी न पाहिलेली एक निळी सूटकेस तिच्यासमोर आली, नवी, कोऱ्या चामड्याचा वास असलेली, आणि तिच्याबरोबर निळ्या सूटकेसच्या आयुष्याची बाकी काही चित्रं येतील म्हणून ती वाट बघत राहिली. आली नाहीत. कानांत फक्त एक बारीक आवाज होता, कारखान्यातल्या घासायच्या चाकासारखा. एकोणतीस वर्षं. एक तुटकी कडी. तिला ओरडायचं होतं, पण कुणावर? पेपर वाचत बसलेले बाबा, स्टुलावर हात वर करून उभी असलेली ती मुलगी, सगळे आपापल्या जागी किती नीट, किती शहाण्यासारखे गप्प होते.

"आई," ती म्हणाली, "अजून काय काय..."

कप मांडीवर कलंडला होता. मान खुर्चीच्या पाठीवर मागे गेली होती आणि तोंड उघडं पडलं होतं. ती झोपली होती. वाक्याच्या मध्येच, दिवसाउजेडी, मुलीच्या देखत, लाज न बाळगता झोपली होती.

मग तिने तो श्वास ऐकला. आत जाताना तो कुठेतरी अडखळला, खरखरला, एखादं जड कपाट फरशीवरून ओढावं तसा वर आला आणि थांबला. नुसता थांबला. खोलीत काहीच उरलं नाही. ती पुढे झाली, हात आईच्या खांद्याच्या वर, आणि एक मोठा, ओंगळ, प्राण्यासारखा घोरण्याचा आवाज करून श्वास परत सुरू झाला. दोन छोटे घेतले, घाईघाईने. एक लांब. परत थांबला. सगळं अंग सांगत होतं, हलव, उठव, हे बरोबर नाही, असं कुणी झोपतं का. अकरा वर्षांत तिने आपली आई झोपलेली कधी ऐकलीच नव्हती. हा तिचा श्वास होता. ही ती होती.

तिने आईच्या मांडीवरचा कप उचलला. शाल खांद्यापर्यंत ओढली. श्वास थांबलेलाच होता. ती उलट्या पावलांनी दारापर्यंत आली, उरलेली चप्पल काढून हातात घेतली, आणि मध्ये किती वेळ गेला हे न मोजता, दुसऱ्या हाताने दार ओढून घेतलं. पलीकडचं तिला आता काही ऐकू येत नव्हतं.